रेघ ओढण्याआधी रस्ता पाहा

प्रति,
नाशिक शहराचा वाहतूक आराखडा तयार करणारे अभियंते, सल्लागार आणि अधिकारी यांस,



नाशिकला मेट्रो मिळणार, हे आम्ही इतकी वर्षे ऐकत आलो आहोत की आता नवी घोषणा झाली तरी कोणी ते वर्तमानपत्र जपून ठेवत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला. ती 'मेट्रो निओ' होती. म्हणजे रबरी टायरवर चालणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी लांबलचक जोडबस, आणि तीही बहुतांशी खांबांवरच्या उन्नत मार्गावरून. गंगापूर ते नाशिक रोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मार्ग, मिळून सुमारे ३३ किलोमीटर. त्यानंतर फायली हलल्या, चर्चा बदलल्या, पण खांब काही उभा राहिला नाही.

हे पत्र उशिराबद्दल तक्रार करण्यासाठी नाही. उशीर झाला, हे एका परीने बरेच झाले, कारण आराखडा नव्याने मांडायची संधी अजून हातात आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या सादरीकरणांत स्थानके असतात, कोटींचे आकडे असतात, तासाला किती प्रवासी जातील याचे तक्ते असतात. नकाशावर एक रंगीत रेघ असते. ती रेघ ज्या रस्त्यावरून जाते तो रस्ता मात्र त्यात नसतो. त्या रस्त्यावरचे दुकान, रिक्षाथांबा, शाळेचे फाटक, वडाचे झाड, त्याच्या पोटातली जलवाहिनी, यांतले काहीही त्या कागदावर दिसत नाही. रेघ तुमची आणि रस्ता आमचा, अशी ही वाटणी आहे. ती मोडावी, एवढेच मला सांगायचे आहे. त्यासाठी काही विनंत्या एकेक करून मांडते.

पहिली विनंती: पर्यायांच्या तक्त्यात जमिनीवरून धावणाऱ्या आधुनिक ट्रामला प्रामाणिक जागा द्या.

ट्राम म्हटले की आपल्याकडे लगेच संग्रहालय आठवते. ते स्वाभाविक आहे. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आपल्या नाशिकमध्येही नाशिक रोड स्थानकापासून मेन रोडपर्यंत घोड्यांची ट्राम होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही सेवा १९३० च्या दशकात बंद पडली. कोलकात्यात १८७३ मध्ये आलेली ट्राम आजच्या पिढीने पाहिली, पण ती गाड्यांच्या गर्दीत अडकलेली. पुष्कळ ठिकाणी तिचा राखीव मार्ग काढून घेतला, रूळ सगळ्या वाहनांसाठी खुले केले, आणि मग ती हळू चालते म्हणून तिलाच नावे ठेवली. हे उदाहरण दाखवून 'ट्राम आपल्याकडे चालत नाही' असे म्हणणारे सल्लागार मी ऐकले आहेत. कोलकात्यातून खरे तर एकच निष्कर्ष निघतो: राखीव मार्ग नसेल तर रुळांवर पैसे घालू नयेत.

जगात मात्र गेल्या चाळीस वर्षांत ट्राम परत आली आहे, आणि ती जुन्या आठवणीपोटी आलेली नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात १९८९ ची नगरपालिका निवडणूकच या प्रश्नावर रंगली होती. एका बाजूला भुयारातून जाणारी स्वयंचलित मेट्रो, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरची ट्राम. बऱ्याच व्यापाऱ्यांना मेट्रो हवी होती, कारण मेट्रो जमिनीखाली गेली की वरच्या मोटारींना धक्का लागत नाही. ट्रामच्या बाजूच्या कॅथरीन ट्रॉटमन निवडून आल्या. १९९२ मध्ये शहराच्या मधल्या क्लेबेर चौकातून मोटारींची आरपार वाहतूक बंद झाली आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ट्राम धावू लागली. तिथे रूळ टाकण्याचे काम म्हणजे रस्ता एका इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या इमारतीच्या भिंतीपर्यंत नव्याने बांधण्याचे काम होते. पदपथ, झाडे, दिवे, बाके, सायकलमार्ग हे सगळे एकाच प्रकल्पात आणि एकाच खर्चात धरलेले होते.

उन्नत मार्गाने हे होत नाही, याचा अनुभव आम्हाला आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल शहरावरून गेला. वरून जाणाऱ्याची सोय झाली, खालच्या द्वारका चौकाची झाली नाही. तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, तर लोकांनी तो वर्षानुवर्षे टाळला आणि जीव मुठीत धरून वरूनच रस्ता ओलांडला. चढायला आणि उतरायला लावणारी कुठलीही सोय गुडघेदुखीच्या माणसाची नसते, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाईची नसते. ट्राम पदपथाच्या उंचीवर थांबते आणि माणूस सरळ आत पाऊल टाकतो. केंद्र सरकारनेच २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट'ची मानके काढली, ती तासाला एका दिशेने १५ हजारांपर्यंत प्रवासी असणाऱ्या मार्गांसाठी. म्हणजे जमिनीवरच्या हलक्या रेल्वेचा विचार दिल्लीच्या कागदांवरही आहे. नाशिकच्या तक्त्यात तिचा रकाना भरून दाखवा. तुलनेअंती ती हरली तर हरू दे, पण रकानाच नसेल तर त्याला तुलना म्हणता येणार नाही.

दुसरी विनंती: निविदा काढण्याआधी रस्त्याखाली काय आहे ते शोधा.

स्कॉटलंडच्या राजधानीची, एडिनबराची कथा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण तुमच्या सादरीकरणांत ती कधी दिसत नाही, म्हणून सांगते. तिथे विमानतळापासून समुद्राकाठच्या न्यूहेवनपर्यंत ट्राम जाणार होती, खर्च ५४.५ कोटी पौंडांच्या आत राहणार होता आणि २०११ मध्ये ती धावणार होती. काम सुरू झाले आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या, गॅसच्या नळ्या, केबल नकाशाप्रमाणे सापडेनात. वाहिन्या हलवण्याचे काम एका ठेकेदाराकडे आणि रूळ टाकण्याचे दुसऱ्याकडे. पहिल्याचे संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू झाले. भांडणे झाली, शहराच्या मुख्य रस्त्यावर काम थांबले. शेवटी मे २०१४ मध्ये, ठरल्यापेक्षा तीन वर्षे उशिरा, वाटेतच थांबणारी १४ किलोमीटरची ट्राम सुरू झाली आणि खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला. मग लॉर्ड हार्डी यांची चौकशी बसली. ती २०१४ मध्ये जाहीर झाली आणि तिचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्यात महापालिका, तिने स्थापलेली कंपनी आणि स्कॉटलंडचे मंत्री या सगळ्यांवर ठपका आहे.

आपल्याकडे हे होणार नाही असे मानण्याला काय आधार आहे? त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा स्मार्ट रोड जेमतेम १.१ किलोमीटरचा. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, शाळा, सगळे त्याच पट्ट्यात. त्या एवढ्याशा तुकड्याने मुदतवाढींवर मुदतवाढ घेतली आणि शहराची घुसमट केली. मग नाशिक रोडपर्यंतच्या मार्गाचे काय होईल, हा प्रश्न कोणीही विचारेल.

आणि आपल्या जुन्या गावात रस्त्याखाली केवळ नळ आणि केबल नाहीत. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथे पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे मोठे हौद, आहेत. वर्षभर त्या रस्त्याच्या पोटात झाकलेल्या असतात आणि रंगपंचमीला उघडतात. बाहेरगावच्या सल्लागाराच्या सर्वेक्षणात रहाड कुठल्या रकान्यात येईल? येणार नसेल, तर सर्वेक्षणाचा नमुनाच बदलायला हवा. माझे म्हणणे असे नाही की मेन रोडच्या गर्दीत रूळ टाका. जुने गावठाण पायी चालण्यासाठीच राहावे. पण त्याच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येक मार्गासाठी चर खणून पाहा, रडारने तपासा, महापालिकेच्या पाणीपुरवठा आणि भुयारी गटार विभागाकडच्या निवृत्त माणसांना विचारा. कुठला चेंबर कशाचा आहे हे पुष्कळदा त्यांच्याच डोक्यात असते. ही माहिती एका नकाशावर आणा आणि तो नकाशा निविदेसोबत जोडा.

तिसरी विनंती: रस्ता एकदाच खणा, आणि खोदकामाची किंमत दुकानदाराच्या खिशातून वसूल करू नका.

एडिनबराने पहिल्या टप्प्यातून धडा घेतला, हेही सांगायला हवे. न्यूहेवनपर्यंतचा उरलेला ४.७ किलोमीटरचा मार्ग २०१९ मध्ये हाती घेतला. एका पट्ट्यात शिरायचे, वाहिन्या, रूळ, पदपथ सगळे पुरे करायचे आणि मगच तिथून निघायचे, असे ठरवले. वाटेत एका जुन्या चर्चच्या दफनभूमीचा भाग लागला. साडेतीनशेहून अधिक मानवी अवशेष पुरातत्त्वज्ञांनी काढले, कारण त्या कामासाठी वेळ आधीच राखून ठेवला होता. मधेच साथीचे संकट आले, तरी जून २०२३ मध्ये ट्राम सुरू झाली आणि २०.७ कोटी पौंडांचे अंदाजपत्रक पाळले गेले. शहर तेच होते, पद्धत बदलली होती.

त्याच टप्प्यात दुकानदारांसाठी मदतीची योजना होती आणि माल उतरवून हातगाडीने दुकानापर्यंत पोचवायला केंद्रे होती. फ्रान्समधल्या अनेक शहरांत ट्रामचे काम सुरू होतानाच भरपाईची समिती नेमतात. दुकानदार हिशेबाच्या वह्या दाखवतो, समिती समेटाने रक्कम ठरवते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. सिडनीत २०१९ मध्ये धावू लागलेल्या ट्रामच्या कामात हे नीट झाले नाही आणि व्यापारी सरकारविरुद्ध थेट न्यायालयात गेले.

आपल्याकडे रस्ता खणला की दुकानासमोर पत्रे लागतात आणि 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा फलक लागतो. त्या फलकाने भाडे भरता येत नाही. ज्याचे दुकान स्वतःच्या मालकीचे आहे तो कसाबसा तग धरतो. भाड्याचा गाळा, दोन कामगार आणि बँकेचा हप्ता असलेला माणूस दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. हातगाडीवाला आणि टपरीवाला तर तुमच्या कागदावर नसतोच. प्रकल्पाच्या खर्चात एक टक्का असो की अर्धा, पण या लोकांसाठी वेगळे शीर्ष ठेवा. फेरीवाल्यांचे सर्वेक्षण खोदकामाआधी करा. काम संपल्यावर त्यांना 'अतिक्रमण' म्हणणे सोपे असते.

चौथी विनंती: जागा कोणाकडून घेणार, ते आधीच उघडपणे सांगा.

ट्रामला दोन मार्गिका लागतात, म्हणजे मोटारींच्या दोन कमी होतात. रस्त्याकडेचे पार्किंग जाते. हे लपवून प्रकल्प पुढे रेटला की उद्घाटनानंतर राखीव मार्गावर पहिल्यांदा कोण शिरते ते आम्हाला ठाऊक आहे: आधी दुचाकी, मग रिक्षा, मग लाल दिव्याची सवय न सुटलेली गाडी. पुण्याने २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गावरची जलद बससेवा, आणली, देशात सगळ्यांच्या आधी. राखीव मार्ग राखायचा कोणी आणि कसा, हा प्रश्न तिथे अखेरपर्यंत सुटला नाही. तेव्हा सिग्नल कोणाला आधी मिळणार, मार्ग अडवणाऱ्याला दंड कोण करणार, वाहतूक पोलीस या प्रकल्पाच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसणार की शेवटी बोलावले जाणार, हे लिखित स्वरूपात ठरवा.

यात राजकीय धोका आहे हे मान्य. फ्रान्समधल्या नांत शहराचे महापौर आलँ शेनार यांनी ट्रामचा निर्णय घेतला आणि १९८३ ची निवडणूक ते हरले. पण १९८५ मध्ये तिथे ट्राम सुरू झाली आणि नंतर ती वाढतच गेली. निवडणुकीला घाबरून लोकप्रतिनिधी गप्प राहतील. आकडे आणि नकाशे तुमच्याकडे आहेत, म्हणून तुम्ही गप्प राहू नका.

पाचवी विनंती: आमच्या रस्त्याच्या सवयी आणि आमचे सण गृहीत धरून आखणी करा.

नाशिक दुचाकींचे शहर आहे. रस्त्यात बसवलेल्या रुळाला चाकाच्या कडेसाठी खाच असते. पावसात ओले पोलाद निसरडे होते आणि खाचेत सायकलचे चाक अडकते. एडिनबरात सायकलस्वार असेच पडले, जखमी झाले. म्हणून जिथे दुचाकी रूळ ओलांडतील तिथे त्या काटकोनात ओलांडतील अशी वळणे हवीत, आणि हे चित्र मूळ आराखड्यात हवे. अपघातानंतर लावलेल्या 'सावकाश जा' या पाटीत नको. मेट्रोलाइटच्या मानकांत मार्ग वेगळा राखण्यासाठी कुंपणाचीही कल्पना आहे. रहदारीच्या रस्त्यात सलग कुंपण घातले तर इकडची शाळा आणि तिकडची वस्ती यांची फाळणी होईल. जिथे लोक रोज ओलांडतात त्या जागा मोजा आणि तिथे वाट ठेवा.

ट्रामला वीज देणाऱ्या वरच्या तारांचेही तसेच. कामदा एकादशीला काळारामाचा रामरथ आणि गरुडरथ निघतात, भाद्रपदात विसर्जनाची मिरवणूक निघते. पुण्यात संभाजी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलाची उंची विसर्जनाच्या रथांना अडते म्हणून २०२१ मध्ये गणेश मंडळांनी काम रोखून धरले होते. तोवर खांब उभे राहिले होते. बोर्दो शहराने २००३ मध्ये जुन्या वस्तीपुरता उपाय शोधला: रुळांमधल्या पट्टीतून वीज, आणि ट्राम वरून जात असेल तेवढाच तुकडा विद्युतभारित. सुरुवातीला ती पद्धत वारंवार बिघडे, पुढे स्थिरावली. आता बॅटरीवर काही अंतर जाणाऱ्या ट्रामही आहेत. पर्याय आहेत, पण मंडळांशी आणि देवस्थानांशी बोलणी आराखड्याच्या टप्प्यावर व्हायला हवीत. सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी ट्राम कुठे थांबेल, गर्दी कुठून वळेल, गोदेला पूर आला तर कुठला भाग बंद ठेवायचा, हेही त्याच कागदावर असू द्या.

झाडांबद्दल वेगळे सांगायला हवे का? गंगापूर रोडवरचे वड वाहतुकीला अडथळा म्हणून कितीदा वादात सापडले ते शहर विसरलेले नाही. स्ट्रासबुर्गमध्ये रुळांमध्ये हिरवळ लावली. आपल्याकडे पाण्याचा हिशेब वेगळा आहे, हिरवळ जमेल की नाही ते तपासा. पण असलेले झाड वाचवून रेघ वळवणे ही अशक्य गोष्ट नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि त्याचे काय होणार ते त्या क्रमांकापुढे लिहा.

सहावी विनंती: ट्राम आल्यानंतरच्या शहराचाही विचार करा.

मार्ग जाहीर झाला की जागेचे भाव आधी वाढतात, रूळ नंतर येतात. राज्याच्या नियमांत मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरच्या परिघात जादा चटईक्षेत्र देण्याची तरतूद आहे. त्यातून वाडे जातील, मनोरे येतील आणि त्यांच्या तळघरांत पुन्हा मोटारींचे पार्किंगच भरेल. असे होणार असेल तर ट्राम कोणासाठी आणली? जादा बांधकामाच्या बदल्यात परवडणारी घरे, छोटे गाळे आणि मर्यादित पार्किंग अशी अट घाला. २०२१ पासून धावणाऱ्या सिटीलिंकच्या बसेसचे मार्गही ट्रामला येऊन मिळतील असे बदला, तिकीट एकच ठेवा. सातपूर-अंबडच्या कामगाराला एका प्रवासात दोनदा भाडे भरावे लागले तर तो दुचाकीच काढेल, आणि त्याचे बरोबर असेल.

आता शेवटचे आणि सगळ्यांत साधे मागणे. निविदा निघण्याआधी तीन गोष्टी मराठीत लोकांपुढे ठेवा: रस्त्याखालच्या वाहिन्यांचा नकाशा, भिंतीपासून भिंतीपर्यंतचा रस्त्याचा आराखडा, आणि खोदकामाच्या काळातल्या भरपाईची योजना. संकेतस्थळावर इंग्रजी पीडीएफ टाकून पंधरा दिवसांत हरकती मागवणे म्हणजे जनसुनावणी नव्हे. प्रत्येक प्रभागात सभा घ्या, संध्याकाळी घ्या, दुकाने बंद झाल्यावर. आम्ही येऊ. विरोध करायलाही येऊ, कारण ज्या रस्त्यावर आमचे पोट आहे त्याबद्दल बोलण्याचा आमचा हक्क आहे. पण हे तीन कागद हातात असतील तर भांडण अफवांवर न होता आकड्यांवर होईल, आणि असे भांडण प्रकल्पाच्या हिताचेच असते. हे कागद तयार नसतील, तर कृपा करून भूमिपूजनाची तारीख जाहीर करू नका.



आपली नम्र,
मेन रोडवरच्या एका जुन्या दुकानाची मालकीण आणि नाशिक महापालिकेची करदाती